ब्राउझरमधून ऑफिसचा कॉम्प्युटर वापरायचाय? आधी हे शब्द समजून घ्या

घरच्या लॅपटॉपवर टॅली नसली तरी क्रोम उघडून ऑफिसच्या सर्व्हरवरची टॅली वापरता येते, कितीतरी अकाउंटंट असंच काम करतात. पण नवीन माणसाच्या हातात नुसती लिंक आणि पासवर्ड दिला तर तो गोंधळणारच, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

ज्या मशीनवर प्रोग्राम खरा चालतो तो होस्ट. तुमच्या समोरचा तो क्लायंट, आणि इथे ब्राउझरच क्लायंट असल्यामुळे वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. तिकडून फक्त स्क्रीनचं चित्र येतं, इकडून कीबोर्ड-माउसच्या हालचाली जातात, बस. त्यामुळे फाइल सेव्ह केली की ती होस्टवर जाते, तुमच्या डाउनलोड्समध्ये शोधत बसू नका.

१. लिंक उघडा. समोर येतो तो गेटवे, म्हणजे ब्राउझर आणि होस्ट यांच्या मधला दुवा, उदा. अपाची ग्वाकामोली, जो फुकट आणि ओपन सोर्स आहे. ब्राउझर गेटवेशी एचटीटीपीएसने, म्हणजे वेबसाइटच्या सुरक्षित कनेक्शनने, बोलतो आणि गेटवे पुढे होस्टशी, विंडोज असेल तर बहुतेक आरडीपीने (रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉल, म्हणजे दूरचा विंडोज डेस्कटॉप वापरायची पद्धत). आरडीपीचा नेहमीचा पोर्ट, म्हणजे कनेक्शन आत येण्याच्या दाराचा नंबर, ३३८९. तो थेट इंटरनेटवर उघडा ठेवायला कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका, हॅकर लोक तोच शोधत असतात.

२. लॉगिन करा. कधीकधी दोनदा विचारतं, आधी गेटवेचं मग विंडोजचं, आणि दोन्ही पासवर्ड वेगळे असू शकतात. इथेच लोक सगळ्यात जास्त अडकतात. ओटीपीची सोय असेल तर चालू कराच.

३. आता अख्खा डेस्कटॉप दिसेल किंवा नुसतं एकच ॲप. एकच ॲप दिसलं तर त्याला रिमोटॲप म्हणतात, बिघडलं काही नाही.

४. काम करताना कंट्रोल+डब्ल्यू दाबू नका, तिकडची फाइल बंद व्हायच्याऐवजी इकडचा टॅबच बंद होतो. कॉपी-पेस्ट होत नसेल तर ग्वाकामोलीत कंट्रोल+ऑल्ट+शिफ्ट एकत्र दाबा, बाजूला मेनू येतो त्यात क्लिपबोर्ड असतो, मजकूर तिथून न्यायचा. प्रिंटिंग चालू ठेवलेलं असेल तर प्रिंट दिल्यावर पीडीएफ डाउनलोड होते, ती मग घरच्या प्रिंटरवर काढा.

५. काम संपल्यावरचं नीट वाचा. टॅब बंद केला म्हणजे फक्त डिस्कनेक्ट झालं, तुमचं सेशन, म्हणजे लॉगिन आणि उघडलेले प्रोग्राम, तिकडे चालूच राहतं. मधेच नेट गेलं तर हे फार बरं, कारण परत लॉगिन केलं की साधारणपणे अर्धवट एन्ट्री होती तिथेच सापडते. पण संध्याकाळी तसंच सोडून गेलात तर उघड्या फाइल्स अडकून राहतात आणि दुसऱ्याला त्यात काम करता येत नाही. म्हणून आधी सेव्ह करा, मग स्टार्ट मेनूतून साइन आउट करा. शट डाउन मात्र चुकूनही नाही, सर्व्हर बंद पडला तर सगळ्यांचंच काम थांबेल आणि तो चालू करायला कोणालातरी ऑफिसात जावं लागेल.