जुन्या गेम कंपनीचे फॅक्स काळे पडण्याआधी

व्हिडिओ गेम कंपन्यांचे १९८०-९० च्या दशकांतील अंतर्गत कागद जमवताना गठ्ठ्यात थर्मल कागदावरचे (उष्णतेने अक्षर उमटणाऱ्या कागदावरचे) फॅक्स हमखास निघतात, आणि विदर्भातल्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, टिनाखालच्या पेटीत ते झपाट्याने खराब होतात.

१. गुळगुळीत कागदाच्या कोऱ्या कडेवर नखाने हलकीशी रेघ ओढावी. ती काळपट उमटली, तर कागद थर्मल समजावा आणि त्याचेच काम आधी घ्यावे.

२. पिना काढण्यापूर्वी गठ्ठा जसा आला तसाच पानोपान टिपून ठेवावा, कारण कोणते पत्र कोणत्या आराखड्याला टाचले होते, हे एकदा सुटे केल्यावर कळत नाही. सकाळी ओसरीच्या सावलीत मोबाइलने काढलेले फोटो यासाठी पुरेसे होतात; भारनियमनाच्या दिवसांत स्कॅनरची वाट पाहण्यात अर्थ नाही.

३. फाइलच्या नावात वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख घालावी, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते.

४. मूळ कागद साध्या कागदी पाकिटात घालून घरातल्या सर्वांत थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावेत.

असे कागद विकत घेण्याआधी इंटरनेट आर्काइव्ह हे मोफत ऑनलाइन संग्रहालय मात्र पाहावे. इन्फोकॉम या जुन्या अमेरिकन गेम कंपनीचे गेम-रचनाकार स्टीव्ह मेरेत्झ्की यांनी जपलेले कितीतरी कागद तेथे २०१५ पासून फुकट वाचता येतात.

थर्मल कागदाला लॅमिनेशन कधीही करू नये, त्या उष्णतेने अख्खे पान क्षणात काळे होते.