काळा घोडा पाहायला निघण्यापूर्वी : सोलापूरकरांसाठी तयारीची यादी

मुंबईच्या फोर्ट भागातील, कलादालनांसाठी ओळखल्या जाणाऱ्या काळा घोडा परिसरात एक दिवस घालवायचा ठरला की आपल्याकडे पहिली चर्चा रेल्वेच्या तिकिटाची होते. ती नंतर करावी. आधी वार ठरवावा. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असते, बहुतेक खासगी गॅलऱ्या रविवारी उघडत नाहीत आणि तिथले निळे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, शनिवारी शब्बाथमुळे, म्हणजे त्यांच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसामुळे, पाहता येत नाही. सोलापूरचा माणूस मुंबईची कामे शनिवार-रविवारला जोडून उरकतो आणि नेमके हेच दिवस येथे अडचणीचे आहेत. त्यामुळे मधलाच वार धरावा, त्यासाठी रजा टाकावी लागली तरी टाकावी, आणि त्या दिवशी राष्ट्रीय सुट्टी नाही एवढे दिनदर्शिकेत पाहून घ्यावे.

काळा घोडा कला महोत्सवासाठीच जायचे असेल तर गोष्ट वेगळी. १९९९ पासून भरणारा हा महोत्सव जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीस एखाद्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. प्रवेश विनामूल्य असतो, आणि दुभाष मार्गावरची वाहने बंद करून रस्त्यातच मांडणशिल्पे व हस्तकलेचे गाळे उभे राहतात. गड्ड्याच्या यात्रेत पाळण्यांच्या आसपास वाट काढण्याचा ज्यांना सराव आहे, त्यांनी तेथे खुशाल जावे. चित्रे शांतपणे पाहण्याची इच्छा असेल तर मात्र ते नऊ दिवस सोडून दुसरे कोणतेही निवडावेत.

आता तिकीट. सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री साडेदहानंतर सोलापूर सोडते आणि सकाळी सातच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचवते. परतीची गाडीही तेथून रात्री साडेदहानंतरच सुटते. मधला अख्खा दिवस हाती राहतो आणि हॉटेलचा खर्च वाचतो, म्हणून या कामासाठी हीच गाडी योग्य आहे. आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. जाण्याचे आणि येण्याचे तिकीट शक्य तितक्या लवकर काढावे, कारण ही गाडी लवकर भरते हे सोलापुरात कोणाला सांगायला नको. २०२३ मध्ये सुरू झालेल्या वंदे भारतने जाऊन त्याच दिवशी परतण्याचा मोह टाळावा. ती दुपारी साडेबाराच्या सुमारास उतरवते आणि परतीची चारच्या सुमारास निघते. साडेतीन तासांत घोडा दिसेल, परिसर दिसणार नाही.

यानंतरची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून ती तिकिटाच्या लगेच मागे लिहिली आहे : बॅगेला लावायचे कुलूप घ्यावे. रात्रीच्या गाडीने जाऊन रात्रीच्या गाडीने परतणाऱ्याला दिवसभर सामान ठेवायला स्थानकावरच्या क्लोकरूमशिवाय सोयीची जागा नाही, आणि रेल्वेच्या क्लोकरूममध्ये कुलूप नसलेले सामान स्वीकारले जात नाही. हा नियम जुना आहे, सर्वत्र आहे आणि खिडकीपाशी उभे राहून विनवण्या केल्याने तो बदलत नाही. मागच्या खेपेस आमच्याकडे सर्व काही होते, कुलूप नव्हते. परिणामी आम्हा दोघांपैकी एकाने आत चित्रे पाहावीत आणि दुसऱ्याने बाहेर फुटपाथवर पिशव्या राखाव्यात, अशा पाळ्या लावून तो दिवस संपला.

कुलूप घ्यावे म्हणजे नुसते घरातले एखादे उचलून टाकावे असे नाही. ज्या बॅगेच्या चेनला दोन ओढण्या असतात आणि दोन्ही ओढण्यांना भोक असते, तीच बॅग कुलपाने बंद होते. एकाच ओढणीच्या सॅकला कुलूप कोठे अडकवणार? म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी कुलूप प्रत्यक्ष लावून पाहावे; दाराला लावतो ते जाड दांड्याचे कुलूप त्या भोकातून जातही नाही. आपली दुसरी सवय अधिक घातक आहे. मुंबईच्या नातेवाइकांसाठी चादरी, टॉवेल, शेंगाचटणी आणि कडक भाकरी कापडी किंवा नायलॉनच्या पिशवीत भरून तोंड सुतळीने बांधण्याची आपली रीत आहे. सुतळी म्हणजे कुलूप नव्हे. चादरी न्यायच्याच असतील तर त्या चेनच्या बॅगेत घालाव्यात, चटणी-भाकरी मात्र जवळच्या पिशवीत ठेवावी, कारण क्लोकरूममध्ये खाद्यपदार्थ ठेवणे म्हणजे उंदरांना आमंत्रण देणे होय. जितक्या बॅगा तितकी कुलपे, हा हिशेब आधीच करावा. किल्ली बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवू नये, ती अंगावर असावी. गाडीत साखळी-कुलूप विकणारा येतोच म्हणून विसंबू नये. हवा असतो त्या रात्री तो येत नाही, आणि सकाळी सात वाजता स्थानकाबाहेरची दुकाने उघडलेली नसतात.

इतर सामानाबद्दल फार लिहीत नाही. ओळखपत्र घ्यावे, ते सिनेगॉगच्या दारातही मागतात. सुती कपडे घ्यावेत. आपला उन्हाळा कितीही कडक असला तरी कोरडा असतो, मुंबईचा घाम अंगावरून हटत नाही. पायांत चांगले रुळलेले बूट असावेत. खांद्याला अडकवायची एक लहान पिशवी हवी, कारण मोठी सॅक घेऊन कोणत्याही दालनात सुखाने फिरता येत नाही. तिकीट मोबाईलमध्ये असले तरी एक छापील प्रत जवळ ठेवावी, कारण क्लोकरूममध्ये तिकीट पाहतात आणि मोबाईलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. टॉवेल घ्या असे सोलापूरकराला सांगणे म्हणजे त्याचा अपमान होईल.

गाडीतून उतरल्यावर क्रम चुकवू नये. आधी प्रतीक्षालयात अंघोळ आणि कपडे, मग ओला टॉवेल प्लास्टिकच्या पिशवीत, मग बॅग बंद, मग कुलूप, मग क्लोकरूम. हा क्रम उलटा झाला तर जमा केलेली बॅग एका कंगव्यासाठी पुन्हा सोडवावी लागते. मिळालेली पावती पाकिटात ठेवावी आणि तिचा फोटोही काढावा; ती हरवल्यास हमीपत्र लिहून देण्याची कटकट मागे लागते. हे सर्व आठच्या आत उरकते, तेही बॅगेला कुलूप असेल तरच.

गॅलऱ्या अकराच्या सुमारास उघडतात, म्हणजे मधले तीन तास मोकळे असतात. हे तास उपाहारगृहात बसून घालवणे ही मोठी नासाडी आहे, कारण इमारती पाहण्याची खरी वेळ हीच असते; नंतर वाहनांच्या गर्दीत मान वर करून उभे राहणे कठीण होते. हुतात्मा चौकापर्यंत आता भुयारी मेट्रो जाते, परंतु डॉ. दादाभाई नौरोजी मार्गाने चालत जावे, पाऊण तास लागला तरी हरकत नाही. चौकातले फ्लोरा फाउंटन १८६४ चे आहे. पुढे महात्मा गांधी मार्गावर जुन्या वॉटसन हॉटेलची इमारत लागते. तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने येथे आणला होता, आणि ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ याच हॉटेलात झाला. इमारत अतिशय जीर्ण झालेली असल्याने ती पलीकडच्या फुटपाथवरून पाहावी, खाली उभे राहण्याची हौस करू नये. डेव्हिड ससून ग्रंथालयाचा पिवळसर मालाड दगड सकाळच्या उन्हात पाहावा. तो दुपारी तसा दिसत नाही.

घोड्याबद्दल प्रत्येक जण विचारतो, म्हणून सांगून टाकतो. परिसराला नाव देणारा मूळ पुतळा सातव्या एडवर्डचा, तो युवराज असतानाचा. १८७९ मध्ये अल्बर्ट ससून यांनी तो शहराला दिला आणि १९६५ मध्ये तो येथून हलवला गेला. तो आज भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. येथे आता दिसतो तो २०१७ मध्ये बसवलेला घोडा आहे आणि त्याच्या पाठीवर कोणीही नाही. बाजूच्या गल्लीतील केनेसेथ एलियाहू हे १८८४ चे निळे सिनेगॉग बाहेरूनही पाहण्यासारखे आहे. आत जायचे असल्यास ओळखपत्र दाखवून, हळू आवाजात जावे.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सव्वादहाला उघडते आणि येथेच बहुतेकांचा दिवस वाहून जातो. ती वास्तू जॉर्ज विटेट यांनी उभारलेली असून सुंदर आहे, संग्रह अफाट आहे, आणि म्हणूनच तो वेगळ्या दिवसासाठी राखून ठेवावा असे माझे स्पष्ट मत आहे. तिकीट काढले की पैसे वसूल करण्याच्या नादात माणूस प्रत्येक कपाटापुढे उभा राहतो, आणि बाहेर पडतो तेव्हा चित्रे पाहण्याचे त्राण उरलेले नसते. मुले बरोबर असतील तर त्यांना याच दिवशी संग्रहालयात न्यावे आणि गॅलऱ्यांचा नाद सोडावा. दोन्ही जमत नाही.

जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे, ती अकरा ते सात उघडी असते आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. येथील प्रदर्शने बहुधा मंगळवारी सुरू होतात आणि पुढच्या सोमवारी उतरतात, त्यामुळे मंगळवारी सकाळी भिंतीवर खिळे ठोकणारी माणसे भेटण्याचा संभव असतो; वार ठरवताना हेही ध्यानात ठेवावे आणि बुधवार ते शुक्रवार अधिक पसंत करावेत. पूर्वतयारी म्हणून येथे एवढेच हवे की वेळ मोकळा ठेवावा. चित्रकार स्वतः दालनात खुर्ची टाकून बसलेला असतो. या भिंती मिळण्यासाठी त्याने वर्षानुवर्षे वाट पाहिलेली असते आणि आठवड्यानंतर त्या दुसऱ्याच्या होणार असतात. बहुतेक लोक आत येतात, मोबाईल धरून भिंतीच्या कडेने एक फेरी मारतात आणि निघून जातात. तो खुर्चीवरून अर्धा उठतो आणि पुन्हा बसतो. त्याच्याशी बोलावे. अनेकदा तो महाराष्ट्राच्याच एखाद्या गावाहून आलेला असतो आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नाने त्याचा चेहरा खुलतो. ‘हे कशाचे चित्र आहे?’ असे विचारण्याऐवजी रंग कोणता वापरला, आधी कोणता भाग केला, असे विचारल्यास तो आपणहून पुढचे सांगतो. किंमत विचारण्यात कमीपणा नाही, मात्र घासाघीस करू नये. चित्राला बोट लावू नये हे शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. मोठ्यांना पुन्हा सांगावे लागते. बाहेर फुटपाथवर चित्रे मांडून बसणारे कलावंतही असतात आणि काही जण समोर बसवून रेखाचित्र काढून देतात. त्यासाठी रोख रक्कम आणि निवांतपणे बसण्याची तयारी लागते. चित्र विकत घेतले तर ते गाडीत न चुरगळता नेण्यासाठी पुठ्ठ्याची नळी हवी. ती घरूनच न्यावी.

समोरच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. १९११ च्या कावसजी जहांगीर सभागृहात ते १९९६ पासून चालते, आणि त्याचे अर्धवर्तुळाकार मजले एकावर एक चढत घुमटाखाली संपतात. खालून सुरुवात करून वरपर्यंत जावे. घुमटाखालच्या मजल्यावर मागच्या वेळी माझी पाळी येण्याआधीच वेळ संपली होती, आणि त्याचे कारण पुन्हा तेच, कुलूप. प्रदर्शने बदलत असतात, त्यामुळे सध्या काय चालू आहे ते निघण्यापूर्वी पाहून घ्यावे. पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांचे काम भिंतीवर असेल अशी आशा धरून जावे, खात्री मात्र धरू नये.

जेवणाचे दर पाहून घाबरू नये, आधीच पाहून जावे. या भागात शाकाहारी थाळीसाठी १९४६ पासूनचे चेतना आहे. इतर बरीच ठिकाणे खिसा हलका करणारी आहेत. कॉफीचा कप हातात धरून तासभर बसण्याचा मान हवा असेल तर एकदाच बसावे आणि तेही चारनंतर. चटणी-भाकरी बरोबर असलेल्यांनी ती ओव्हल मैदानाच्या बाजूला सावलीत बसून खावी. तेथून राजाबाई टॉवरही दिसतो.

दुपारनंतर पाय बोलू लागतात. केमोल्ड प्रेस्कॉट रोड ही गॅलरी क्वीन्स मॅन्शनच्या तिसऱ्या मजल्यावर आहे, बाहेरून सहज सापडत नाही, विचारून जावे. फ्लोरा फाउंटनजवळच्या किताब खान्यात मराठी पुस्तकेही मिळतात. किती घ्यायची ते बॅगेत किती जागा ठेवली यावर ठरवावे, कारण कुलूप तेवढ्याच बॅगेला लागणार आहे. संध्याकाळी अंधार पडेपर्यंत रेंगाळावे, त्यापुढे नाही.

नऊपर्यंत स्थानकावर यावे, पावती देऊन सामान सोडवावे, जेवून घ्यावे, फलाट फलकावर पाहावा. पाण्याची बाटली घ्यावी. गाडी सोलापूरलाच संपते, गजर लावण्याची गरज नाही.