खुराड्याजवळ तयार असू द्या

थंडीत आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल आणि नवीलतीर्थ धरणांच्या पाण्यावर बाहेरचे पक्षी उतरतात. बर्ड फ्लूची भीती असते ती याच दिवसांत, म्हणून सामान आत्ताच एका झाकणाच्या बादलीत भरून ठेवा: रबरी हातमोजे, मास्क, जाड प्लास्टिकच्या पिशव्या, साबण, ब्लीचिंग पावडर आणि ओल लागणार नाही असा बांधलेला चुना. बादली पोरांच्या हाताला लागू देऊ नका.

१९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा मोफत नंबर खुराड्याच्या दारावरच खडूने लिहा. दोन-चार कोंबड्या अचानक मेल्या, तुरा निळा पडला, डोकं सुजलं, तर 'मानमोडी (राणीखेत) असेल' म्हणून गप्प बसू नका. मानमोडीतही मर अशीच लागते, आणि बर्ड फ्लू आहे की नाही हे शेवटी भोपाळच्या प्रयोगशाळेत ठरतं. डॉक्टर येईपर्यंत मेलेल्या पक्ष्यांवर बुट्टी पालथी घाला, कुत्री-मांजरं बांधा. मांजरांनाही हा रोग होतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

एखादाच कावळा मरून पडला आणि पशुसंवर्धन खात्यानं 'पुरून टाका' म्हटलं, तर मोजे-मास्क घालून पिशवी उलटी करा, हातावर चढवा, तिच्यातूनच पक्षी धरा आणि पिशवी सुलटी ओढा. गाठ मारून दुसऱ्या पिशवीत घाला. खड्डा विहिरीपासून लांब, कुत्र्याला उकरता येणार नाही इतका खोल; खाली-वर चुना. मलप्रभेत किंवा ओढ्यात फेकणं म्हणजे खालच्या गावाला आहेर पाठवणं! मग हात साबणाने चोळून धुवा.

उरलेल्या कोंबड्या घाईनं पलीकडं महाराष्ट्रात चंदगडच्या नाहीतर कागलच्या बाजारात खपवायचा मोह होतो. तो मोडाच, रोगाला राज्याची हद्द कळत नाही. शिवाय सरकार मारतं त्या पक्ष्यांची भरपाई मिळते, आधीच मेलेल्यांची नाही, म्हणजे लवकर कळवण्यात फायदा आपलाच. चिकन-अंडी बंद करायची गरज नाही; ७० अंशांवर विषाणू मरतो, आपला रस्सा तर रटरट उकळतो. कच्चं अंडं मात्र नको, आणि आजारी कोंबडी कापायची तर नाहीच.

पक्षी हाताळल्यावर दहा दिवसांत ताप, खोकला किंवा डोळ्यांची लाली आली, तर दवाखान्यात गेल्या गेल्या मेलेल्या कोंबडीचं सांगा, तापाचं मागाहून.