जुनी पद्मिनी सांभाळताय? या चुका टाळा

प्रीमियर पद्मिनी घेणाऱ्याला वाटतं की आपण १९८८ सालची गाडी घेतोय. खरं तर गाडीसोबत तो गेल्या तीस-पस्तीस वर्षांतल्या डझनभर मिस्त्र्यांची हातचलाखी घरी आणतो. कुणी थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून फेकलेला असतो, कुणी फ्यूजच्या जागी तार बांधलेली असते, कुणी गंजलेल्या पत्र्यावर बोटभर लांबी (पुट्टी) थापून वर चकचकीत रंग मारलेला असतो. १०८९ सीसीचं हे इंजिन मुळात साधं आणि चिवट आहे. त्याच्या नावावर खपवले जाणारे निम्मे दोष या 'तात्पुरत्या' दुरुस्त्यांचे असतात, आणि नवा मालक त्यावर आपली मॉडिफिकेशनं चढवतो तेव्हा मूळ दुखणं सापडणं अवघड होऊन बसतं. म्हणून पहिलं वर्ष गाडी मूळ स्थितीत आणण्यात घालवावं. अलॉय व्हील आणि म्युझिक सिस्टिम कुठे पळून जात नाहीत.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढणं

आपल्याकडचा हा सगळ्यात लाडका इलाज. 'आपल्या हवेत त्याची गरजच नाही साहेब,' असं सांगून मिस्त्री तो काढतो आणि पाण्याचा काटा खाली येतो. मालक खूश. पण पुण्या-नाशिकच्या थंडीत ते इंजिन मग नीट गरमच होत नाही. चोक जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं, ऑइल पातळ होतं आणि रिंगा-बेअरिंगांची झीज वाढते. आणि ज्या कारणानं गाडी तापत होती ते तिथंच राहतं. मे महिन्यात बोरघाट चढताना ते परत भेटतं.

कारण शोधायचं तर क्रमानं जावं. आधी फॅनबेल्टचा ताण बघा. मग इंजिन पुरतं गरम करून बंद करा आणि रेडिएटरच्या जाळीवर सगळीकडे हात फिरवा, पंखा थांबलेला आहे याची खात्री करून. मधेच गार पट्टे लागले तर तिथल्या नळ्या क्षारांनी बुजल्यात. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलेल्या गाडीत हे हमखास आढळतं; रेडिएटरवाल्याकडे रोडिंग, म्हणजे नळ्यांत सळई घालून सफाई, करून घ्यावं लागतं. रेडिएटर स्वच्छ निघाला तर इग्निशनचं टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) तपासा. ते मागे पडलं असेल तरी इंजिन तापतं, आणि हे कुणी पाहतच नाही. रेडिएटरच्या झाकणाकडेही लक्ष द्या. दाबाखाली पाणी उशिरा उकळतं, दर एक पीएसआय दाबामागे साधारण दीड अंशानं. त्यामुळे रबर गेलेलं किंवा दुसऱ्याच कुठल्या गाडीचं झाकण बसवलं असेल तर पाणी लवकर उकळून बाहेर येणारच.

थर्मोस्टॅटवर संशय असेल तर तो पातेल्यात टाकून पाणी तापवा. ऐंशीच्या आसपास उघडायला लागला तर ठीक. उकळत्या पाण्यातही मिटलेला राहिला तर नवा घाला.

यातली सगळ्यात महागडी चूक म्हणजे काटा लाल पट्टीत गेल्यावर 'पुढच्या पंपापर्यंत नेऊ' म्हणणं. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि त्यावर बसणारं हेड ॲल्युमिनियमचं आहे. तापलं की हेड वाकतं आणि दोघांमधलं सील, म्हणजे गॅस्केट, जातं. इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणं, ऑइल दुधाळ होणं, ही त्याची लक्षणं. नुसतं नवं गॅस्केट घालून भागत नाही, हेड सपाट आहे का ते पट्टी लावून बघावं लागतं. बोल्ट आवळायचे ते इंजिन गार असताना, मधून बाहेरच्या दिशेनं, आवळण्याचा जोर मोजणाऱ्या टॉर्क रेंचनं. 'हाताचा अंदाज' सांगणाऱ्या मिस्त्र्याला नम्रपणे बाजूला करा.

उन्हात बंद पडली की व्हेपर लॉकच असणार

भर दुपारी सिग्नलला गाडी बंद पडते, बॉनेट उघडतं, इंजिनवरच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवलं जातं, पाच मिनिटांनी गाडी चालू. मुंबईच्या जुन्या टॅक्सीवाल्यांचा हा रोजचा विधी होता. उपाय खोटा नाही. इंजिनच्या उष्णतेनं नळीतल्या पेट्रोलची वाफ झाली की पंप ती ओढू शकत नाही. पण गरम झाल्यावर ठिणगीच्या यंत्रणेतली कॉइल किंवा कंडेन्सर दगा देतो तेव्हाही लक्षण हुबेहूब हेच असतं, आणि त्या पाच मिनिटांत कॉइलही गार होते. श्रेय फडक्याला जातं.

फरक ओळखायला अवघड नाही. बंद पडल्या पडल्या एअर फिल्टर काढा, इग्निशन बंद ठेवून कार्ब्युरेटरच्या तोंडात बघत रेस एकदा दाबा. पेट्रोलची बारीक धार दिसली तर पेट्रोल पोचतंय, दोष ठिणगीत आहे. धार नाही तर पेट्रोलच्या बाजूनं शोधा. हे करताना शेजारी कुणी सिगारेट ओढत असेल तर त्याला आधी लांब घालवा. ठिणगी तपासायची तर ती दुसऱ्या बाजूला, पेट्रोलच्या वाफेपासून दूर, प्लग ब्लॉकला टेकवून. निळी, कडक ठिणगी हवी. पिवळट, मरतुकडी असेल तर आधी कंडेन्सर बदला. सगळ्यात स्वस्त तोच. पॉइंटमधलं (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्कांमधलं) अंतर फीलर गेजनं, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी, ०.४ ते ०.५ मिलिमीटरच्या दरम्यान लावा आणि पॉइंट जळून खड्डे पडलेत का ते बघा. खड्डे वारंवार पडत असतील तर कंडेन्सरवरच संशय घ्यावा.

एका वेळी एकच गोष्ट बदला. पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, प्लग सगळं एकदम नवं घातलं आणि गाडी सुधारली, तर नेमकं काय बिघडलं होतं हे कधीच कळत नाही. हल्ली बाजारात मिळणारा नवा कंडेन्सर कधी कधी जुन्यापेक्षा वाईट निघतो, हे वेगळंच. काढलेला चालू पार्ट डिकीत ठेवावा.

इथेनॉलकडे दुर्लक्ष

पंपावर आता जवळपास सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. पद्मिनीच्या काळात याचा विचारही नव्हता. याचे तीन परिणाम होतात.

पहिला रबरावर. जुन्या पेट्रोल नळ्या फुगतात, मऊ पडतात, नंतर चिरतात, आणि गळती नेमकी तापलेल्या एक्झॉस्टच्या आसपास होते. गाडीच्या पेट्रोल पंपातला डायफ्रॅमही त्याच रबराचा. नळी घेताना तिच्यावर 'एसएई जे३० आर९' असं छापलेलं बघून घ्या. बागेतल्या नळीसारखी पारदर्शक प्लास्टिक नळी अजिबात नको. कार्ब्युरेटरचं किट घेतानाही रबर इथेनॉलला चालणारं आहे का हे दुकानदाराला विचारा. त्याला उत्तर माहीत नसेल तर दुसरं दुकान बघा.

दुसरा परिणाम टाकीवर. इथेनॉल जुना चिकटा सोडवतं आणि तो सगळा फिल्टरमध्ये येतो. वरच्या वेगाला गाडी गळपटते, थांबल्यावर पुन्हा बरी चालते, असं झालं तर आधी फिल्टर बघा. शिवाय इथेनॉल हवेतली ओल शोषतं. पावसाळाभर गाडी झाकून ठेवायची असेल तर शेवटच्या फेरीनंतर पेट्रोलची नळी बंद करून कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल इंजिन चालवूनच संपवावं. नाहीतर ऑक्टोबरात जेटमध्ये (पेट्रोल येण्याच्या बारीक भोकात) हिरवट-पांढरा थर सापडतो.

तिसरा परिणाम मिश्रणावर. शुद्ध पेट्रोलला वजनानं १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला साधारण साडेतेरा. त्यामुळे मूळ जेटवर गाडी कोरडी, म्हणजे गरजेपेक्षा कमी पेट्रोलवर, चालते. पिकअप देताना झटका, कार्ब्युरेटरमधून फटाक्यासारखा आवाज आणि प्लगचं टोक पांढरंफटक ही त्याची खूण. मेन जेट एक आकार मोठा लावून प्लगचा रंग पुन्हा बघावा.

इथे पीयूसीचा एक घोळ आहे. जुन्या पेट्रोल गाड्यांना आयडलला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम आहे. गाडी नापास झाली की केंद्राबाहेरचा कुणीतरी मिक्स्चरचा स्क्रू आवळून देतो, गाडी पास होते, आणि मालक घरापर्यंत झटके खात येतो. आयडल नीट लावलेली, बरे प्लग असलेली पद्मिनी या मर्यादेत आरामात बसते. बसत नसेल तर स्क्रूऐवजी फ्लोटची पातळी आणि गळणारी सुई बघा.

वायरिंग: इथे आग लागते

हेडलाइट मंद वाटले म्हणून १०० वॉटचे हॅलोजन बसवणं ही गॅरेजमधली फॅशनच आहे. हिशोब करा. दोन दिवे, २०० वॉट, १२ व्होल्ट, म्हणजे जवळजवळ १७ ॲम्पियर. हा सगळा प्रवाह डॅशबोर्डवरच्या जुन्या स्विचमधून आणि त्याच जुन्या वायरमधून जातो. स्विच वितळतो. फ्यूज उडाला की त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली जाते, आणि मग पुढच्या वेळी उडायला फ्यूजच उरत नाही. कायद्यालाही एवढे वॉट मान्य नाहीत. मूळ वॉटचेच चांगले बल्ब घ्या आणि रिले (मोठा प्रवाह सांभाळणारा वेगळा स्विच) बसवून बॅटरीपासून थेट, फ्यूज लावून, जाड वायर आणा. आत्ता जो मंदपणा दिसतो त्यातला बराचसा वाटेत हरवलेल्या व्होल्टेजचा असतो. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून, मल्टिमीटरनं बॅटरीवर आणि बल्बच्या टोकावर व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर बल्ब बदलून उपयोग नाही.

अर्थिंगचंही तसंच. इंजिन उतरवताना-चढवताना ते आणि बॉडी यांच्यामधली अर्थची पट्टी कुणीतरी काढलेली असते आणि परत लावायची राहून गेलेली असते. मग स्टार्टरचा प्रवाह मिळेल ती वाट धरतो. स्टार्टर मारताना चोकची केबल गरम लागत असेल, तिच्यातून धूर येत असेल, तर कारण हेच. लोक नवा स्टार्टर घेतात, नवी बॅटरी घेतात. शंभर-दोनशे रुपयांची पट्टी कुणी बघत नाही.

हँडगियर अडकतो म्हणून गियरबॉक्स उघडणं

स्टिअरिंगवरच्या गियरचा दांडा डगडगतो, दुसरा गियर शोधावा लागतो, अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा गियरबॉक्स निर्दोष असतो. दांडा आणि गियरबॉक्स जोडणाऱ्या लिंकेजचे बुश झिजलेले असतात. ते बदलून, ग्रीस देऊन, सेटिंग करून बघा. फ्लोअर गियर करण्याच्या नादात जमिनीचा पत्रा कापला की मूळ गाडी परत मिळत नाही.

पत्रा आणि लांबी

अंडरकोटिंग ही गंजावरची दवा नाही. गंजलेल्या पत्र्यावर काळा थर मारला की ओल आत कोंडली जाते आणि पत्रा दिसत नाही अशा जागी कुजतो. मुंबई-कोकणातल्या गाड्यांमध्ये तर खास करून. कार्पेट उचला, सीटखाली, जॅक लावायच्या जागी, डिकीच्या कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा. लांबी किती आहे ते कळायला कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक पुरतं. दरवाज्यांच्या तळातली पाणी जायची भोकं रंगानं बुजलेली असतात, ती मोकळी करा. पेंटरकडे गाडी टाकण्याआधी काचेची रबरं मिळतायत का हे पक्कं करा. जुनं रबर फाटल्यावर शोधायला गेलात तर रंगवलेली गाडी महिनोन्‌महिने काचेविना उभी राहते. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईतून पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे हद्दपार झाली आणि तिच्या जिवावर चालणारी पार्टांची बाजारपेठही आटत चालली आहे. कुर्ला, पुण्याची नाना पेठ, चोर बाजार इथे अजून मिळतं, पण नमुना म्हणून जुना पार्ट हातात घेऊनच जावं.

ब्रेकआधी ताकद

चारही चाकांना ड्रम ब्रेक. रुंद टायर, दुसरं इंजिन, कापलेल्या स्प्रिंगा हे सगळं सुचण्याआधी व्हील सिलिंडर गळतायत का ते बघा. ब्रेक ऑइल ओल शोषतं, म्हणून दोन वर्षांनी पूर्ण बदला. ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढत असेल तर व्हील अलाइनमेंटला धावू नका. दोन्ही बाजूंचे शू सारखे ॲडजस्ट केलेत का आणि एखादा ऑइलनं भिजलाय का ते आधी पाहा. पुढच्या चाकांच्या किंगपिनच्या निपलांना ग्रीस वेळेवर द्या. टायरची नक्षी बघून फसू नका, बाजूवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात.

कागद न बघता बदल

मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाला सोडून केलेल्या बदलांना मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठणकावलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. इंजिन बदलायचं किंवा गॅसकिट बसवायचं तर आरटीओची नोंद हवी. नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनीला आयतं निमित्त मिळतं. विकत घेतानाही इंजिन आणि चासीचे नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. पूर्वी टॅक्सी असलेली गाडी असेल तर परवाना रद्द होऊन ती खासगी झाल्याचे कागद मागा. पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण पाच वर्षांचं असतं, त्याची तारीख संपलेली नाही ना हेही पाहा.

जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद होऊ शकते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं; अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. पद्मिनी हे नाव १९७४ चं, म्हणजे पहिल्या पद्मिनी आता या रेषेपाशी आल्यात, आणि त्याआधीच्या फियाट ११०० किंवा डुक्कर फियाट तर केव्हाच पलीकडे गेल्यात. डॅशबोर्ड कापून टचस्क्रीन बसवायच्या आधी आरसीवरची तारीख वाचा. आणि मूळचं जे जे काढाल, जुना रेडिओ, हब कॅप, बंपरचे ओव्हररायडर, ते भंगारवाल्याला न देता नावाची चिठ्ठी लावून खोक्यात भरून ठेवा.