इलेक्ट्रॉनिक व्होटिंगवर सेमिनार द्यायचाय? मग हॅकिंगपासून सुरुवात करू नका

हा विषय सेमिनारला घेतला की बहुतेक जण पहिल्या स्लाइडवर कुलपाचं चित्र टाकतात, दुसरीवर फायदे-तोटे, तिसरीवर ब्लॉकचेन (नोंदी अनेक कॉम्प्युटरवर अशा जपायच्या की मागाहून खोडता येत नाहीत), आणि मग मागच्या बाकावरून प्रश्न येतोच, "ते सगळं ठीके, पण मशीन हॅक होतं का नाही ते सांग." तिथून पुढे सेमिनार संपला, पारावरच्या गप्पा सुरू. मी पहिल्यांदा अगदी हेच केलं होतं, म्हणून सांगतोय.

दुसऱ्या वेळी मी प्रश्नच बदलला. फळ्यावर एकच वाक्य लिहिलं: हरलेल्या उमेदवाराला निकाल पटवून देता येईल का, तेही कुणी कुणाला मत दिलं हे न सांगता? सगळा विषय या वाक्यात बसतो. कुणीतरी लगेच विचारणार की बँकेचे व्यवहार ऑनलाइन होतात मग मतदान का नाही. उत्तर सोपंय, बँकेत घोळ झाला तर स्टेटमेंटमध्ये दिसतो, आपण जाऊन भांडतो. मताचं स्टेटमेंट देताच येत नाही, कारण ते दिलं की मत विकता येतं, किंवा कुणी दम देऊन "दाखव बघू कुणाला दिलंस" म्हणू शकतं. एकीकडे पुरावा पाहिजे, दुसरीकडे पुरावा नको. हे एकदा वर्गाच्या डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप लागतं.

मग किस्से सांगा, पण दोन-तीनच. माझा सगळ्यात आवडता बेल्जियमचा. २००३ साली शारबेक नावाच्या भागात एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त पडली. कुणी हल्ला केला नव्हता. ४०९६ म्हणजे २ चा १२ वा घात, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेमरीतला एकच बिट (०/१ चं एक घर, अशा प्रत्येक घराची किंमत २ चा एकेक घात) ० चा १ झाला असावा, असा अंदाज निघाला. अंतराळातून आलेल्या किरणांमुळे झालं असेल असंही म्हणतात, पण ते सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे स्लाइडवर छातीठोकपणे टाकू नका. खरा मुद्दा वेगळाय. हे सापडलं कशामुळे? तर आकडा अशक्य होता म्हणून. आता वर्गाला विचारा, २ च्या ८ व्या घाताचा बिट पलटून २५६ च मतं वाढली असती तर कुणाला कळलं असतं? इथे थोडा वेळ गप्प बसा, घाई करू नका.

दुसरा किस्सा नेदरलँड्स आणि जर्मनीचा, तो जोडीनेच सांगा. २००६ मध्ये डच कार्यकर्त्यांनी तिथल्या नेडाप कंपनीच्या मतदान मशीनची चिप बदलून मतमोजणीत फेरफार करून दाखवला, वर त्याच मशीनवर बुद्धिबळही खेळून दाखवलं. नंतर तो देश कागदावर परत गेला. जर्मनीत तशाच मशीन वापरल्या होत्या, त्यावर २००९ मध्ये घटनात्मक न्यायालयाचा निकाल आला, आणि इथे नीट लक्ष द्या, कोर्टाने मशीन हॅक झालं असं म्हटलंच नाही. म्हटलं एवढंच की मतदान-मोजणीच्या महत्त्वाच्या पायऱ्या सामान्य नागरिकाला खास तांत्रिक ज्ञान नसतानाही तपासता आल्या पाहिजेत. म्हणजे आपल्या फळ्यावरचंच वाक्य.

इथे रिव्हेस्ट आणि वॅक या संगणकतज्ज्ञांची सॉफ्टवेअर इंडिपेंडन्स ही कल्पना आणा. सॉफ्टवेअरमध्ये न सापडलेली चूक किंवा लबाडी असली तरी तिच्यामुळे निकाल गुपचूप बदलता येऊ नये, एवढाच अर्थ. व्याख्या वाचून दाखवू नका, झोपतात लोक. त्याऐवजी डेमो करा.

पहिला डेमो चिठ्ठ्यांचा. समजा वर्गात ४० जण आहेत. क किंवा ख लिहून चिठ्ठी डब्यात टाकायला सांगा, डबा नीट हलवा, मग एकेक चिठ्ठी काढून नंबर टाका आणि एक्सेलमध्ये भरा. भरताना ४ मतं मुद्दाम उलटी टाइप करा आणि निकाल जाहीर करा. (नंबर मिसळल्यावरच टाका हां. मी आधी नंबर टाकून बाकाच्या क्रमाने वाटल्या होत्या, एका पोरीने दोन मिनिटांत कुणी काय लिहिलं ते ओळखलं. मताची गुप्तता जाते कशी हे त्या दिवशी मला फुकटात शिकायला मिळालं.) आता १० चिठ्ठ्या रँडम काढून एक्सेलशी ताडून बघा. एक तरी उलटं मत सापडायची शक्यता साधारण ७० टक्के, २० काढल्या तर जवळपास ९५. आणि मजा म्हणजे चिठ्ठ्या ४० ऐवजी ४० लाख असल्या आणि त्यातल्या १० टक्के बदललेल्या असल्या, तरी ३० काढल्या की पकडायची शक्यता ९५ च्या वर जाते. हे कुणालाच पटत नाही, ०.९ चा ३० वा घात (म्हणजे एकही बदललेली न सापडायची शक्यता) कॅल्क्युलेटरवर काढून दाखवा. रिस्क लिमिटिंग ऑडिटचा (चुकीचा निकाल निसटायची शक्यता ठरावीक मर्यादेत ठेवणाऱ्या कागदी मतांच्या रँडम तपासणीचा) गाभा हाच, संख्याशास्त्रज्ञ फिलिप स्टार्क यांनी २००८ मध्ये मांडलेला, आणि अमेरिकेत कोलोराडोने २०१७ पासून राज्यभर वापरलेला. फक्त रँडम नंबर आपल्या लॅपटॉपवरून काढू नका, "तूच ठरवलेस" म्हणतील आणि बरोबरच म्हणतील, सगळ्यांसमोर फासे टाका.

दुसरा डेमो क्रिप्टोग्राफीचा, म्हणजे माहिती गुप्त ठेवायच्या गणिताचा, सूत्रं न लिहिता. तीन जणांना मोजणीदार करा. प्रत्येक मतदाराने हो असेल तर १, नाही असेल तर ० हा आकडा तीन तुकड्यांत फोडायचा, बेरजेचे शेवटचे दोन अंकच धरायचे. उदाहरणार्थ ३७, ८१ आणि ८३, बेरीज २०१, म्हणजे ०१, म्हणजे हो. एकेक तुकडा एकेका मोजणीदाराला. एका तुकड्यावरून काहीच कळत नाही, पण तिघांच्या बेरजा एकत्र केल्या की एकूण हो किती ते निघतं आणि कुणाचंही मत उघडं पडत नाही. होमोमॉर्फिक मोजणी म्हणजे एकेक मत न उघडताच बेरीज करणं, ते इथे हाताला लागतं. एखादा आगाऊ मुलगा १ ऐवजी ५ फोडून देईलच, दिला नाही तर आधीच एकाला पढवून ठेवा, कारण झीरो नॉलेज प्रूफ (मत न दाखवता ते नियमात बसतं एवढंच सिद्ध करणं) कशाला लागतं हे त्याच्यामुळेच समजतं. मग एका मोजणीदाराला कागद घेऊन बाहेर जायला सांगा. निकाल गायब! २०२५ मध्ये खुद्द क्रिप्टोग्राफर लोकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं असंच झालं, हेलिओस या ऑनलाइन मतदानाच्या सिस्टिमवर निवडणूक घेतली, मतं उघडायची गुप्त डिजिटल किल्ली ज्यांच्यात वाटली होती त्या तीन किल्लीधारकांपैकी एकाची किल्ली हरवली आणि मतं उघडताच आली नाहीत, निवडणूक पुन्हा घ्यावी लागली. वर्ग हसतो, पण तिघांपैकी कुठलेही दोघे पुरतील अशी सोय का करतात हे वेगळं शिकवावं लागत नाही.

इंटरनेट व्होटिंगला पाच मिनिटं पुरे. एस्टोनियात २००५ पासून चालतं, दबावावर उपाय म्हणून मत पुन्हा देता येतं आणि शेवटचं धरतात. याच्या समोर २०१० ची वॉशिंग्टन डीसीची चाचणी ठेवा, मिशिगन विद्यापीठाच्या टीमने दोन दिवसांच्या आत जवळपास सगळा ताबा घेतला होता. ब्लॉकचेन कुणी काढलंच तर विचारा, फोनमध्येच मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) असेल आणि मत निघायच्या आधीच बदललं तर? चुकीचं मत कायमचं, कुणालाही न खोडता येण्यासारखं जपलं जाईल.

राहिला पक्षांचा वाद. आपल्या ईव्हीएमचा प्रश्न येणारच, टाळू नका, पण तांत्रिक ठेवा. व्हीव्हीपॅटची (ईव्हीएमला जोडलेल्या, दिलेलं मत कागदावर छापणाऱ्या यंत्राची) चिठ्ठी मतदाराला ७ सेकंद दिसते, आणि २०१९ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशापासून दर विधानसभा क्षेत्रात ५ केंद्रं रँडम निवडून तिथल्या चिठ्ठ्या मोजतात आणि मशीनच्या आकड्याशी ताडतात. मग पहिल्या डेमोचाच हिशेब पुढे करा: जिंकलेल्या-हरलेल्यातला फरक २ लाखांचा असो की २०० चा, ५ हाच आकडा दोन्हीकडे चालेल का? माझ्या वेळी यावर अर्धा तास लोक कॅल्क्युलेटर घेऊन भांडत होते, पक्षाचं नाव एकदाही निघालं नाही, आणि गाईडने शेवटी वेळ संपली म्हणून लाइट बंद केले.