पांढरी तीनमधली सिंफनी

माझी सगळ्यात मोठी चूक आधी सांगून टाकतो. पुण्यात आम्ही आठ-दहा जण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो आणि पाश्चात्त्य संगीत ऐकतो. बहुतेक सगळे हिंदुस्थानी संगीतावर वाढलेले. पंधराएक वर्षांपूर्वी अशाच एका बैठकीत मी रशियन रचनाकार राखमानिनोव्हची दुसरी सिंफनी लावली. चोरबाजारातून आणलेली जुनी तबकडी होती. वाजवून झाल्यावर मी ऐटीत म्हणालो, "याला म्हणतात बांधीव काम. बाकीचे कंडक्टर पाल्हाळ लावतात, हा गडी एक स्वर फुकट घालवत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या महिन्यात एका मित्रानं त्या सिंफनीचा स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांची स्वरलिपी, छापून आणला. तबकडीबरोबर पानं उलटायला लागलो तेव्हा कळलं, की पाल्हाळ कुणी टाळलंबिळलं नव्हतं. मधली पानंच गाळली होती. तासाभराची सिंफनी पाऊण तासात उरकली होती आणि मी तिला बांधीव म्हणून शाबासकी दिली होती.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं रशियन वाद्यवृंद-संगीत ज्यांना नुकतंच आवडायला लागलंय आणि 'यातलं कुठलं ध्वनिमुद्रण चांगलं?' हा प्रश्न पडायला लागलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. चांगलं-वाईट नंतर ठरवा. आधी आपण नेमकं काय ऐकतोय ते शोधा. मला हे कळायला फार वर्षं लागली.

सुरुवातीला एकच रचना धरा. एकच राग दहा जणांकडून ऐकल्यावर तो जसा अंगात मुरतो, तसंच इथंही होतं. मी तुम्हाला हीच सिंफनी सुचवीन, कारण तिच्यात सगळे सापळे एकाच ठिकाणी सापडतात. राखमानिनोव्हनं ती १९०६-०७ मध्ये ड्रेस्डेनला राहून लिहिली आणि १९०८ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये स्वतःच वाजवून घेतली. त्याच शहरात १८९७ साली त्याची पहिली सिंफनी सपाटून पडली होती. त्या धक्क्यानं पुढची जवळजवळ तीन वर्षं त्याच्या हातून फारसं काही लिहून झालं नव्हतं. अशा पोळलेल्या माणसाला कुणी म्हणालं, 'लांबतंय हो जरा', तर तो काय करणार? काही कापाकापीला त्यानं स्वतःच मान्यता दिली, आणि मग प्रत्येकानं आपापली कात्री चालवली. १९२८ साली क्लीव्हलंडमध्ये निकोलाय सोकोलॉफनं या सिंफनीचं पहिलं ध्वनिमुद्रण केलं, तेही कापलेलंच. कंडक्टर आंद्रे प्रेव्हिनचं १९६६ चं कापलेलं आहे आणि त्याच लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबरचं १९७३ चं पूर्ण आहे. फिलाडेल्फियाच्या युजीन ऑर्मंडीची गोष्टही हीच. आयुष्यभर कापून वाजवलेली सिंफनी त्यानंही १९७३ मध्ये अखेर पुरी वाजवली.

म्हणून मी पहिल्यांदा घड्याळ बघतो. एकूण वेळ पन्नास मिनिटांच्या बरीच खाली असेल तर कात्री लागलीच आहे असं समजा. तासाच्या बरीच वर गेली असेल, तर पहिल्या मूव्हमेंटमधल्या (म्हणजे सिंफनीच्या पहिल्या भागातल्या) पुनरावृत्तीची खूण कंडक्टरनं पाळली आहे का ते बघा. फार थोडे जण ती पाळतात. कापलेलं म्हणजे टाकाऊ असं मात्र नाही. जुन्या कापीव ध्वनिमुद्रणांत जी ऊब आहे ती कित्येक पूर्ण ध्वनिमुद्रणांत सापडत नाही. फक्त माझ्यासारखं कात्रीचं श्रेय लयीला देऊ नका.

दुसरा रशियन रचनाकार स्ट्राविन्स्की, त्याच्या बाबतीत हा गोंधळ वेगळ्या रूपात येतो. 'फायरबर्ड' हा १९१० चा पूर्ण बॅले. पण त्यातून त्यानं १९११, १९१९ आणि १९४५ असे निवडक भागांचे तीन वेगवेगळे संच (स्वीट) काढले. १९१९ चा संच लहान वाद्यवृंदासाठी आहे. त्याचाच बॅले 'पेत्रुश्का' १९११ चा वेगळा, १९४७ चा वेगळा. एकाकडे 'फायरबर्ड' १९१० चा असेल आणि दुसऱ्याकडे १९१९ चा, तर 'याचा आवाज भरदार, त्याचा पातळ' असल्या वादाला काही अर्थच उरत नाही. माणसं मात्र तासन्‌तास भांडतात. मीही भांडलोय.

स्कोअर वाचता येत नाही म्हणून घाबरू नका. मला आजही तो बघून गाता येत नाही. राखमानिनोव्हचे स्कोअर आयएमएसएलपी या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पहिल्यांदा नुसतं बोट ठेवून पुढं सरकायचं. स्वर खाली-वर जातात तसे ठिपके खाली-वर जातात, एवढं कळलं तरी पुरे. चार वेळा चुकाल, पाचव्यांदा पान बरोबर उलटाल.

आता आपल्या लोकांच्या खास सोयीची एक गोष्ट. ही सिंफनी ई मायनरमध्ये सुरू होते आणि ई मेजरमध्ये संपते. ई म्हणजे आपल्या पेटीवरची पांढरी तीन. मोबाइलवरचा तानपुरा पांढरी तीनला लावायचा आणि शेवटच्या स्वरसंघाशी ताडून बघायचा. स्वरसंघ किंचित चढा असेल तर सोडून द्या, वाद्यवृंद तसे मिळवतात. पण पांढरी चारशी जुळत असेल, तर तबकडीवरून उतरवून घेताना वेग चुकलेला आहे. अर्ध्या स्वराचा फरक म्हणजे वेगात जवळजवळ सहा टक्के वाढ, तासाला साडेतीन मिनिटं. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या उतरवताना हे होऊ शकतं. मग 'काय तडफ आहे!' म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, ती तडफ कंडक्टरची नसून मोटरची असते.

दुसरी खबरदारी आवाजाच्या पातळीची. दोन ध्वनिमुद्रणांची तुलना करताना जे थोडं मोठ्यानं वाजतं तेच कानाला चांगलं वाटतं, हमखास. एखादा शांत परिच्छेद निवडून दोन्ही कानाला सारखी होईपर्यंत बटण फिरवायचं, मगच बोलायचं. आमच्याकडे हे काम एकाच माणसाकडे असतं आणि कंडक्टर कोण, हे तो शेवटपर्यंत सांगत नाही. त्यानंतर आमच्या मतांचा ठामपणा निम्म्यावर आला.

या सिंफनीच्या तिसऱ्या मूव्हमेंटमध्ये क्लॅरिनेटचा एक लांबलचक एकल भाग आहे. एकदा आम्ही नुसता तेवढाच भाग चार ध्वनिमुद्रणांतून लागोपाठ ऐकला. कागदावर चारही ठिकाणी तेच स्वर. ख्याल ऐकणाऱ्याला आधी प्रश्न पडतो, की मग ऐकायचं काय? बढत नाही, तान नाही, कलाकाराचं स्वतःचं असं काहीच नाही. पण तिसऱ्या फेरीला फरक दिसायला लागले. एक वादक प्रत्येक वळणावर श्वास घेत होता, त्यामुळं ओळ पायऱ्या उतरल्यासारखी तुटत होती. दुसऱ्याचा श्वास कुठं आला ते कळतच नव्हतं. तो होता जॅक ब्रायमर, प्रेव्हिनच्या १९७३ च्या ध्वनिमुद्रणातला. एका ठिकाणी खालची तंतुवाद्यं गालिचा अंथरल्यासारखी नुसती पडून होती, तर दुसरीकडे ती क्लॅरिनेटशी बोलत होती. आणि चौथ्यात क्लॅरिनेट सगळ्या व्हायोलिनांएवढं मोठं ऐकू येत होतं. आम्ही म्हटलं, काय दमसास आहे! दमसास कसला, मायक्रोफोन त्याच्या तोंडाशी असावा.

हे ओळखायचं तर प्रत्यक्ष वाद्यवृंद ऐकायला हवा, दुसरा उपाय नाही. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. त्यात कझाकस्तानातून आलेले वादक बरेच, त्यामुळं रशियन वळणाचं वाजवणं तिथं घरबसल्या नाही तरी शिवनेरीबसल्या मिळतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हिरमुसलो होतो. घरी कानावर आदळणारी हार्प तिथं जेमतेम ऐकू आली. परतताना बसमध्ये लक्षात आलं, की खरी हार्प तेवढीच असते. घरची फुगवलेली होती.

आता रशियन वाद्यवृंदांबद्दल. येव्गेनी म्राविन्स्कीनं १९३८ पासून १९८८ पर्यंत लेनिनग्राड फिलहार्मोनिक सांभाळला. येव्गेनी स्वेतलानोव्हनं मॉस्कोतला सोव्हिएत स्टेट सिम्फनी १९६५ पासून २००० पर्यंत. पस्तीस-पस्तीस, पन्नास-पन्नास वर्षं एकच हात, म्हणजे हे घराणंच झालं. या वादकांचे हॉर्न आणि ट्रम्पेट स्वर सरळ धरत नाहीत, हलवतात. स्वेतलानोव्हचं मेलोदिया या सोव्हिएत कंपनीचं एक ध्वनिमुद्रण मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा टेप खराब आहे असं वाटून मी ते परत करायला निघालो होतो. तबला वाजवणाऱ्या एका ज्येष्ठ मित्रानं थांबवलं. म्हणाले, "टेप हलत असेल तर सगळंच हलेल. हार्प ऐक, ती स्थिर आहे ना? मग हलतोय तो माणूस." साधी परीक्षा, पण एवढी उपयोगी मला कुठं वाचायला मिळाली नव्हती. हा हलता पितळी आवाज एकदा कानात बसला की रशियन रचनाकार स्क्रियाबिनच्या 'पोएम ऑफ एक्स्टसी'मधला ट्रम्पेट दुसऱ्या कुणाचा पटत नाही. त्या रचनेचा पहिला प्रयोग मात्र रशियात नव्हे, न्यूयॉर्कमध्ये झाला, डिसेंबर १९०८ मध्ये. असो.

म्राविन्स्की पहिली आणि दुसरी व्हायोलिनं समोरासमोर, मंचाच्या दोन टोकांना बसवायचा. स्टिरिओवर ऐकताना डोळे मिटा. दुसरी व्हायोलिनं उजवीकडून आली तर बैठक तशी आहे. जुगलबंदीसारखी देवाणघेवाण अशा बैठकीत उघडी होते. सगळी व्हायोलिनं डावीकडे असली तर तोच भाग एका गठ्ठ्यात येतो.

याच तबलजी मित्रांनी मला राखमानिनोव्हचं 'आइल ऑफ द डेड' उलगडून दिलं. १९०९ ची रचना, ब्योक्लिनच्या चित्रावरून सुचलेली: काळोख्या पाण्यातून एक होडी स्मशानबेटाकडे चाललीय. ताल पाच मात्रांचा, कधी दोन-तीन, कधी तीन-दोन. मित्र मांडीवर झपताल धरून बसले. दोन-तीन, दोन-तीन. मध्येच चुकले, हसले आणि म्हणाले, "अरे, वल्ही फिरवली त्यानं." मग आम्ही तीन ध्वनिमुद्रणं लावली. एकात पाचही मात्रा सारख्या वजनाच्या, म्हणजे होडी काठावर बांधलेली. दुसऱ्यात संथ, पण झोल बरोबर. तिसरं खुद्द राखमानिनोव्हचं, १९२९ चं, फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदाबरोबरचं. इथंही त्यानं काही भाग कापलाय, आणि खरखर भरपूर. पण होडी चालते. रडवेपणा नाही, कुठं रेंगाळणं नाही. त्याच वर्षी त्यानं ध्वनिमुद्रित केलेल्या स्वतःच्या 'व्होकालीज' या रचनेत व्हायोलिनं एका स्वरावरून दुसऱ्यावर सरळ मींड घेतात. आजचे वाद्यवृंद ती घेत नाहीत, जुनाट समजतात. आपल्या कानांना मात्र ती घरची वाटते. त्यामुळंच मी तिला जास्त गुण देतो का, हे स्वतःला विचारत असतो.

रचनाकारानं स्वतः वाजवलंय म्हणजे तोच शेवटचा शब्द, असंही नाही. स्ट्राविन्स्कीनं आपला बॅले 'राइट ऑफ स्प्रिंग' १९२९, १९४० आणि १९६० असं तीनदा ध्वनिमुद्रित केलं, आणि तिन्ही एकमेकांशी जुळत नाहीत. मग कुठल्या स्ट्राविन्स्कीचं ऐकायचं?

टिपणवहीबद्दल थोडक्यात: साल लिहा, पण ध्वनिमुद्रणाचं. ॲपवर दिसतं ते बऱ्याचदा पुन्हा प्रकाशित केल्याचं असतं, आणि १९५० च्या दशकातलं मोनो काम २०१५ चं म्हणून समोर येतं. पूर्ण की कापलेलं, तेही लिहा. मत दुसऱ्या दिवशी लिहा. 'अप्रतिम' हा शब्द मी वहीत वापरत नाही, कारण सहा महिन्यांनी त्यातून काहीच आठवत नाही. 'क्लॅरिनेट पायऱ्या उतरतं' हे आठवतं.

एक वाद आमच्यात अजून मिटलेला नाही. सिंफनीची पहिली मूव्हमेंट संपते तेव्हा शेवटचा खालचा ई स्कोअरमध्ये फक्त चेलो आणि डबल बेसला दिलाय. बरेच कंडक्टर त्यावर टिम्पनीचा, म्हणजे नगाऱ्यासारख्या वाद्याचा, एक दणका घालतात. मी वहीत त्याचे गुण कापतो. तबलजी मित्रांना ते मान्य नाही. गेल्या महिन्यात मी मुद्दाम बिनदणक्याचं ध्वनिमुद्रण लावलं. शेवटचा ई आला, गेला. ते माझ्याकडे बघत राहिले. "कागदावर नसेल," म्हणाले, "पण समेवर थाप नको?" आणि त्यांनीच टीपॉयवर एक थाप मारली. कपातला चहा माझ्या वहीवर सांडला.