फ्लाय फिशिंगची लाइन जोडताना या चुका टाळा

आपल्याकडच्या गरीच्या दोराला शिशाचे वजन बांधलेले असते. ते फेकले की दोर त्याच्यामागे ओढला जातो. फ्लाय फिशिंगमध्ये हे उलटे असते. गरीवर पिसे आणि धागे गुंडाळून केलेली कृत्रिम माशी जवळपास बिनवजनाची असल्यामुळे वजन लाइनमध्येच ठेवलेले असते आणि ती लाइनच माशीला पुढे नेते. रिळावर आधी बॅकिंगचा विणलेला दोर, त्यावर सुमारे 25 ते 30 मीटरची जाड लाइन, तिच्या टोकाला निमुळता होत जाणारा नायलॉनचा लीडर आणि शेवटी टिपेट, म्हणजे माशी जिला बांधतात ती बारीक नायलॉनची दोरी, अशी ही जोडणी असते.

लीडर वगळून माशी थेट लाइनला बांधणे ही नवशिक्यांची पहिली चूक, आणि ती मीही केली आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका मालगुजारी तलावावर माझी पिवळी लाइन पाण्यावर फाटकन आपटली, तेव्हा काठावर जाळे निवडत बसलेले एक ढिवर मामा म्हणाले, "येवढ्या जाड दोराले मासा कायले येईन, भाऊ?" त्यांचे म्हणणे बरोबर होते, पण दोष केवळ जाडीचा नव्हता. लाइनमधला जोर लीडरमध्ये हळूहळू विरतो, म्हणून माशी पाण्यावर अलगद उतरते. लीडरच नसेल तर तो सगळा जोर माशीसकट पाण्यावर आदळतो. सुरुवातीला 9 फुटांचा लीडर पुरेसा असतो. तो गुंडाळीतून काढल्यावर स्प्रिंगसारखा वळलेला दिसला, तर हाताच्या मुठीतून सावकाश ओढून सरळ करावा.

टिपेट न लावण्याची काटकसर अखेर महागात पडते. दर वेळी माशी बदलताना दोन-तीन इंच नायलॉन कापला जातो आणि लीडरचे बारीक टोक दिवसभरात संपून जाते. मग उरलेला जाड भाग लहान गरीच्या नेढ्यातून जात नाही. टिपेटच्या रिळावरचा एक्सचा आकडा जसा वाढतो तशी जाडी घटते, हे मात्र भल्याभल्यांना उलटे वाटते. 11 मधून तो आकडा वजा केला की जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मिळते; म्हणजे 0 एक्स सुमारे 0.28 मिलिमीटर, तर 5 एक्स 0.15 मिलिमीटर. शिंगाड्याच्या वेलीत दडलेल्या मरळीसाठी 5 एक्स वापरणे म्हणजे माशी तिला भेट देणे होय. तिथे 0 एक्स किंवा त्याहून जाड टिपेटच हवे.

रॉडवरचा आकडा आणि लाइनचा आकडा जुळलाच पाहिजे. हा आकडा लाइनच्या पहिल्या 30 फुटांच्या वजनावरून ठरतो: 5 क्रमांकाची लाइन तेवढ्या लांबीत 140 ग्रेन, म्हणजे सुमारे 9 ग्रॅम भरते, तर 8 क्रमांकाची 210 ग्रेन. कमी वजनाच्या लाइनने रॉड वाकतच नाही, आणि दोष मात्र आपण आपल्या मनगटाला देतो. पुढचा भाग जड असलेली लाइन रिळावर उलटी गुंडाळली गेली, तर जड भाग रिळाच्या पोटात जातो. म्हणून रिळाकडे कोणते टोक जाते, ते लाइनवरच्या चिठ्ठीवर पाहूनच गुंडाळावे.

गाठ कोरडी आवळू नये. घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन कमजोर होतो. थुंकीने ओली करून सावकाश ओढावी.

आणखी एक गोष्ट खास आपल्या उन्हाची. थंड पाण्यासाठी बनवलेली लाइन मे महिन्याच्या उन्हात लुळी आणि चिकट पडते आणि रॉडच्या कड्यांतून सरकेनाशी होते, त्यामुळे विदर्भात उष्ण कटिबंधासाठीची, टणक गाभ्याची लाइन घ्यावी. रीळ गाडीच्या डिक्कीत तापत ठेवू नये. संध्याकाळी डासांचे मलम लावलेल्या हातांनी लाइनला स्पर्शही करू नये, कारण मलमातले डीट हे रसायन तिचे प्लास्टिकचे आवरण विरघळवते. एवढे करूनही लाइन चिकटत असेल, तर कोमट पाण्यात सौम्य साबण घालून ती फडक्याने पुसावी आणि सावलीत वाळवावी.